तिठ्यावरचा बाण

"चुना जरा घट्टच पाहिजे," नाना म्हणाले. "पातळ झाला की दवानं ओघळते."

व्हरांड्यात पाटावर बसून ते डालड्याच्या जुन्या डब्यात काडीने चुना ढवळत होते. मी पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. आवळीभोजनाच्या आदल्या दिवसाची दुपार होती आणि घरात उद्याच्या वडाभाताची तयारी चालली होती. चुन्याचं त्यात काय काम, ते मला कळेना.

"उद्यासाठी का, नाना?"

"उद्यासाठीच. पण वेगळ्या पाहुण्यासाठी." त्यांनी काडी डब्याच्या काठावर झटकली. "त्या लाल हेल्मेटवाल्याचा बंदोबस्त करून राहिलो मी. आता नाही सुटत तो."

माझ्या हातातली शेंग दाण्यांसकट पायरीखाली गेली. कारण लाल हेल्मेटवाला म्हणजे मीच होते.

माझे सासरे वसंतराव वैरागडे, म्हणजे आमचे नाना, भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरी सुटली तरी मोजायची सवय काही सुटली नाही. रिंग रोड ओलांडून सोनटेकच्या जंगलात ते रोज पहाटे फिरायला जायचे आणि दर शंभर पावलांवर दगडावर चुन्याने एक बाण काढायचे. बाण कसा, तर फूटपट्टी लावल्यासारखा. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या आठ-दहा म्हाताऱ्यांनी स्वतःचं नाव 'पायदळ' ठेवलं होतं आणि नाना त्या पायदळाचे सेनापती. घरातल्या सगळ्यांना त्यांनी एकच शिस्त लावली होती. जंगलात माणसाला रस्ता विचारायचा नाही, बाण पाहायचा. माणूस चुकतो, बाण चुकत नाही.

पुढे त्या टेकडीवर सायकलवाले आले. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन पोरं पायवाटांवरून धडाधड उतरू लागली आणि पायदळाने त्यांच्याशी युद्ध पुकारलं. नानांना त्या सायकलींचा भारी राग. "स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. याला सायकल म्हणतात का? हा सायकलचा सांगाडा आहे!"

असला एक सांगाडा मी घेतला होता. मी तेव्हा छत्तीस वर्षांची, बँकेत काउंटरवर बसणारी, एका आठ वर्षांच्या मुलीची आई. माझी एक मैत्रीण एका रविवारी मला जंगलात घेऊन गेली आणि तिची सायकल तिने माझ्या हातात दिली. मी पहिल्या उतारावर पडले, दुसऱ्यावर पडले आणि तिसऱ्या उताराच्या शेवटी कोणी ऐकेल याची पर्वा न करता खदखदून हसले. असं हसून मला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. सायकल घेतल्याचं नवऱ्याला, हेमंतला, सांगितलं. घरात मात्र सांगायला 'योगाचा वर्ग' लावला, मंगळवारी आणि शनिवारी. सायकल जंगलाच्या फाटकाजवळ राहणाऱ्या चौकीदार मडावीभाऊंच्या खोलीमागे ताडपत्रीखाली असायची. हेमंतचा खांद्याशी फाटून रफू केलेला जुना टी-शर्ट घालून मी निघायची आणि परत येताना कोपर खरचटलेलं असायचं.

"कोणतं आसन करते गं तू?" सासूबाईंनी एकदा हळद लावता लावता विचारलं.

"वीरभद्रासन," मी म्हणाले.

"बाप्पा, वीरभद्रासन! मग लागणारच," त्या म्हणाल्या.

इथवर सगळी गंमतच होती. पुढची गोष्ट मात्र गंमत नव्हती. नवरात्राच्या आधीच्या एका शनिवारी मी तिठ्याच्या वळणावरून जोरात उतरले आणि समोर वाटेत कोणी बाई उभी. मी ब्रेक दाबला, सायकल वाकडी झाली. ती बाई दचकून बाजूला सरली आणि रायमुनियाच्या झुडपात मटकन खाली बसली. त्या आमच्या सासूबाई होत्या. नानांबरोबर कधी नव्हे त्या फिरायला आल्या होत्या. नाना मागच्या वळणावर दगड मोजत होते, त्यांच्या "अरे, ए!" अशा आरोळ्या ऐकू येत होत्या. आणि मी? मी पेडल मारलं आणि गेले. थांबले नाही, वळले नाही. हेल्मेट आणि गॉगलमुळे आपल्याला कोणी ओळखलं नाही, एवढंच डोक्यात होतं.

घरी आले तर आई, म्हणजे सासूबाई, पाय शेकत बसल्या होत्या. "कोणी पोरगा होता," त्या नानांना सांगत होत्या. "लाल हेल्मेटवाला. बाकी काही दिसलं नाही मला."

मुका मार होता, आठवड्यात बरा झाला. पण त्यानंतर आई टेकडीवर गेल्या नाहीत. नाना रोज जेवताना लाल हेल्मेटचा उद्धार करायचे आणि सांगायला लाज वाटते, पण आपला संशय येऊ नये म्हणून मीही त्याला दोन-तीन शिव्या घातल्या. रोज रात्री मात्र ठरवायची, उद्या सांगते. तो उद्या काही उगवत नव्हता.

तर आवळीभोजनाचा दिवस. कार्तिकात जंगलात आवळीच्या झाडाखाली जेवायचं, हा आमच्या घरचा नेम. आई त्या दिवशी दीड महिन्याने टेकडी चढणार होत्या, तेही चिनूने, म्हणजे माझ्या मुलीने, हट्ट केला म्हणून. बेत असा ठरला होता : नाना आणि हेमंत वडाभाताचा डबा, पाण्याची कॅन आणि सतरंजी घेऊन सकाळी आठलाच पुढे जाणार, झाडाखालची जागा झाडणार. आई आणि चिनू नऊ वाजता फाटकातून सावकाश निघणार. त्यांच्याकडे कढीची बरणी. मी 'योगा'हून परस्पर झाडाखाली येणार.

चुन्याचा डबा पाहिल्यामुळे मी सावध होते. पायवाटेवर नानांनी दगड रचले असणार, असा माझा अंदाज. म्हणून त्या दिवशी मी पायवाटेला गेलेच नाही. जंगल खात्याने वणव्यासाठी साफ केलेल्या जाळरेषेवरून मोठा वळसा घेऊन वरच्या बाजूने आले, सायकल आणि हेल्मेट एका झुडपामागे लपवलं, केस सारखे केले आणि ओढणी घेऊन साळसूदपणे आवळीखाली हजर झाले. सव्वादहा झाले होते.

जागा लखलखीत झाडलेली होती. हेमंत सतरंजीवर आडवा झाला होता. नानांनी झाडाला सूत गुंडाळून हळद-कुंकू वाहिलं होतं आणि ते नारळाच्या शेंड्या सोलत होते.

"आली का तू? आई कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे? त्या नऊलाच निघणार होत्या ना?"

"मला वाटलं तुझ्यासाठी थांबली."

"मी तर योगाहून येऊन राहिले, नाना."

हेमंत उठून बसला. "फाटकापासून इथवर आईला पाऊण तास लागते. फार तर एक. तिठ्यावरून डावीकडे वळलं की समोरच आहे ना झाड."

'तिठा' हा शब्द ऐकला मात्र, नानांच्या हातातला नारळ तसाच राहिला. तोंडावरचा रंग उतरला. ते काही तरी पुटपुटले.

"काय म्हणता, नाना?"

"बाण," ते म्हणाले. "तिठ्यावरचा बाण मी उजवीकडे फिरवला."

"काहून?" हेमंत ओरडलाच.

"त्या सायकलवाल्यांसाठी रे! काल संध्याकाळी. म्हटलं, जाऊ दे नाल्यात. खाली चिलाटीचे काटे आहेत, अडकतील, सायकली डोक्यावर घेऊन परत येतील. एकदा अद्दल घडली की..." त्यांचा आवाज बारीक झाला. "घरात सांगायचं राहून गेलं."

सकाळी ते स्वतः त्याच तिठ्यावरून आले होते. पण नाना बाण कधी पाहत नसत. ते त्यांनीच काढलेले होते. आणि हेमंत आयुष्यभर त्यांच्या पाठीकडे पाहून चालत आला होता.

उजवीकडची वाट नाल्यातून जुन्या मुरमाच्या खदानीकडे जात होती. खदानीत अजून पावसाचं पाणी होतं आणि तिच्या कडा पाय ठेवला की सुटायच्या. त्या वाटेने दुखऱ्या गुडघ्यांची, उताराची धास्ती घेतलेली एक बाई आणि आठ वर्षांची एक पोर निघाली होती. त्यांना आम्ही शिकवलं होतं की बाण चुकत नाही. फोन लावावा तर टेकडीच्या त्या बाजूला तेव्हा रेंजचं नाव नव्हतं.

हेमंतने बूट चढवायला घेतले. नाना उठले आणि कमरेत उसण भरून परत बसले. खदानीपर्यंत धावत जायचं तरी अर्धा तास. सायकलने दहा मिनिटं.

मी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा त्या झुडपाकडे. खरं सांगते, दोन क्षण मी तिथे उभी राहिले. त्या दोन क्षणांची मला आजही लाज वाटते. मग झुडपामागे गेले, सायकल ओढून बाहेर काढली आणि नानांच्या समोर उभं राहून गॉगल लावला, हेल्मेट डोक्यावर चढवलं. लाल.

नानांनी आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सायकलकडे. स्टँड नाही, कॅरिअर नाही.

"हे... हे कोणाचं आहे?"

"माझंच, नाना. त्या दिवशीही मीच होते. परत आले की काय बोलायचं ते बोला."

हेमंतचा एक पाय बुटात आणि एक बाहेर. त्याला सायकल माहीत होती, पण हेल्मेटचा रंग आणि हा पराक्रम माहीत नव्हता. दोघांपैकी कोणी काही बोलायच्या आत मी सुटले.

त्या उतारावर मी अनेकदा मजेत उतरले होते. त्या दिवशी हात ब्रेकवर घामाने निसटत होते. सागाची वाळलेली पानं चाकाखाली कडाकड वाजत होती, मुळांवरून सायकल उडत होती आणि मी तोंडाने "चिनू! आई!" असा घोष करत होते. तिठा आला. दगडावर ताजा, पांढरा, टपोरा बाण. इतका रेखीव आणि इतका खात्रीचा की सगळं माहीत असूनही क्षणभर मलाच तो खरा वाटला. मी बाणाच्या दिशेने वळले. नाल्यात उतरताना चिलाटीने ओढणी धरली. ती तिला देऊन टाकली आणि पुढे गेले.

खदानीच्या अलीकडे वाट जरा रुंद होते. तिथून आवाज आला.

"सव्वीस एके सव्वीस, सव्वीस दुणे बावन्न..."

खदानीच्या काठापासून चांगली वीस पावलं अलीकडे आई मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी चिनूचा हात घट्ट धरला होता आणि तिच्याकडून पाढे म्हणवून घेत होत्या. शेजारी एक आवळीचं रोपटं होतं, माझ्या खांद्याएवढं. त्याला हळद-कुंकू लावलेलं, समोर उदबत्ती लावून विझवलेली आणि कढीचा नैवेद्य दाखवलेला.

मी सायकल टाकली आणि मटकन खाली बसले. रडू आणि हसू एकदमच आलं.

"आई, तुम्ही इथे काय करताय?"

"पूजा," आई म्हणाल्या. "बाण इथवर घेऊन आला, पुढं खड्डा. आणि इथं ही आवळी. म्हटलं हीच असेल. तुझे सासरे दरवर्षी काही तरी नवीन काढतातच. मग वाटलं, आता हललेलं बरं नाही, पोरगी आहे संगं. कोणी तरी येईलच शोधत."

"आजीने मला कढी दिली झाकणातून," चिनू म्हणाली. "चार वेळा. आई, ही तुझी सायकल आहे? हिला किती दात आहेत!" ती गिअरची चक्रं मोजायला पळाली.

मी हेल्मेट काढलं नव्हतं. ते काढायचं मला सुचलंच नाही. आई माझ्याकडे पाहत होत्या.

"आई, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. त्या दिवशी तुम्ही पडलात ना..."

"ते तोंडावरचं काढ आधी. माणसाचं तोंड दिसू दे."

मी गॉगल काढला, हेल्मेट काढलं.

"तो पोरगा नव्हता. ती मी होते."

"माहीत आहे मला," आई म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. पडल्या पडल्या. झुडपात बसून पाहते तो तुझी पाठ. पाठीवर हेमंतचा टी-शर्ट आणि खांद्याशी रफू. काळा दोरा संपला होता म्हणून मी निळ्यानं घातलं होतं. जवळचं नाही दिसत मला, पण लांबचं आणि माझ्या हातचं चांगलं दिसतं."

"मग नानांना पोरगा होता म्हणून..."

"अन् काय सांगायचं? सून होती म्हणून? त्यांनी पायदळाची सभा बोलावली असती घरात." आई जरा हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. "म्हटलं, आपणहून सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. दीड महिना झाला."

"आई, चुकलं माझं. तुम्हाला किती लागलं होतं..."

"लागल्याचं मला काही नाही गं. माणसं पडतात. सायकलवरून पडतात, चालताना पडतात. तू जोरानं आली, त्याचाही मला राग नाही आला. खरं सांगू, पळून जाणारी तुझी पाठ पाहून मला जरा कौतुकच वाटलं. कशी ताठ बसली होती!" त्या थांबल्या. कढीच्या बरणीचं झाकण त्यांनी उगाच घट्ट केलं. "पण तू मागं वळून नाही पाहिलं. ते मात्र लागलं मला."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. छत्तीस वर्षांची बाई, चिनूसमोर, हमसून हमसून. आईंनी पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "पुरे आता. वडाभात तिकडं, कढी इकडं. माणसं उपाशी बसली असतील."

आम्ही परत निघालो. सायकल मी ढकलत होते, हँडलला कढीची बरणी लटकत होती आणि सीटवर बसलेली चिनू मला रस्ता सोडून सगळं काही सांगत होती. आई सायकलच्या आधाराने चढत होत्या. नाल्यात धापा टाकत उतरणारा हेमंत भेटला. त्याने आईला जवळ घेतलं, चिनूला उचललं आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

तिठ्यावर नाना दगडाला पाठ टेकून खाली बसले होते. उसण भरलेल्या कमरेने तिथवर कसे आले, देव जाणे. बाण पुसून टाकला होता. बरोबरच्या पंच्यानेच पुसला असावा, कारण पंचा, हात, कपाळ, सगळं पांढरं झालं होतं. आईंना पाहून ते उठायला गेले, पण त्यांना उठता येईना.

"कढी सांडली नाही ना?" ते म्हणाले. आणि एवढंच बोलताना त्यांचा आवाज फाटला.

"कढी ठीक आहे," आई म्हणाल्या. "चार झाकणं नातीनं पिली, तेवढी कमी आहे."

नाना डोळे पुसू लागले तो चुना डोळ्यात गेला. मग पाणी मारा, फुंकर घाला, सगळी धांदल झाली. डोळे निवळल्यावर त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"दीड महिना! दीड महिना माझ्यासमोर बसून तू मला त्याला शिव्या देऊ दिल्या?"

"मीही दिल्या, नाना," मी खाली मान घालून म्हणाले.

"हो की! 'मेल्याला बघून चालवता येत नाही का' म्हणाली होती!" त्यांना हसू आवरेना आणि राग सोडवेना. "अन् योग? ते वीरभद्रासन?"

"अहो, पुरे," आई म्हणाल्या. "तिनं मला एकदा पाडलं. तुम्ही मला अन् नातीला खदानीत धाडलं. कोणाचा गुन्हा मोठा, ते ठरवायला बसू का आता? भूक लागली मला."

नाना हेमंतचा हात धरून उठले. आम्ही आवळीखाली आलो. वडाभात वाढला, त्यावर हिंगाच्या फोडणीचं तेल सोडलं, कढीचा पहिला भुरका मारला, तेव्हा कुठे ते म्हणाले, "त्या सांगाड्याला घंटी का नसते पण?"

"नसतेच तशी, नाना. वजन वाढतं म्हणे."

"वजन वाढते म्हणे!" ते म्हणाले आणि परत कढी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर सायकल मडावीभाऊंच्या खोलीमागून थेट आमच्या व्हरांड्यात आली होती. नाना कमरेला पंचा आवळून, पाना घेऊन तिच्यापुढे पाटावर बसले होते. त्यांच्या नोकरीतल्या सरकारी सायकलची पितळी घंटी, वाटीएवढी, त्यांनी चिंचेने घासून लखलखीत केली होती. ती त्यांनी माझ्या हँडलवर बसवली, दोनदा वाजवून पाहिली आणि म्हणाले, "पायदळाला वळणाआधी ऐकू गेली पाहिजे. नाही गेली तर तुला चुना आहेच."

आईही परत टेकडीवर येऊ लागल्या. तिठ्याच्या वळणावर एका सपाट दगडावर बसायच्या. मी वरून घंटी वाजवत यायची, त्यांच्याजवळून हळू जायची आणि दहा पावलांवर थांबून मागे पाहायची. त्या हात हलवून 'जा' म्हणायच्या. मग मी पेडल मारायची.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. पायदळ पांगलं. नाना नाहीत, त्यांचे बाण मात्र दरवर्षी हेमंत चुन्याने गिरवतो, एकही न फिरवता. चिनू माझ्यापेक्षा वेगाने उतरते आणि माझ्या घंटीला हसते. आई ब्याऐंशीच्या आहेत, व्हरांड्यातल्या खुर्चीच्या पलीकडे फारशा जात नाहीत. पण शनिवारी आम्ही चिखलाने भरून घरी आलो की त्या मला एकच गोष्ट विचारतात.

"वळणावर मागं पाहिलं?"

"पाहिलं, आई."

"कोणी होतं?"

"नव्हतं."

"मग ठेव चहा," त्या म्हणतात.